राखणदाराचा फरा

मेव्हिस थर्लबीला चौकशांची खोड जन्मजात होती. शेजारणीच्या दोरीवर नवी चादर दिसली, तरी ती कुठून आली हे कळेपर्यंत तिला चैन पडत नसे. त्यामुळे वेदरकोटच्या हरणबागेतल्या टेकाडावर खणायला माणसं आली, तेव्हा पहिल्याच सकाळी बाई थर्मास घेऊन कुंपणाशी हजर. आठवडाभरात हाडं-खापरं धुवायच्या टेबलाशी तिची खुर्ची पक्की झाली. हातात जुना टूथब्रश, पुढ्यात पाण्याचं घमेलं आणि तोंडानं अखंड प्रश्न.

"हे काय गं?"

"कौलाचा तुकडा," कॅरिस म्हणायची. कॅरिस बेव्हन ही खोदकामाची प्रमुख, वेल्सकडची, गुडघ्यापर्यंत कायम चिखलात.

"आणि हे?"

"तेही कौलच, मेव्हिस."

"मग राजा कुठाय?"

राजा सगळ्या गावाला हवा होता. टेकाडावर पूर्वी शिकारघर होतं आणि कुठलासा राजा शिकारीला येऊन तिथे मुक्कामाला राहिला होता, असं गाव पिढ्यान्‌पिढ्या सांगत आलं होतं. गावातल्या पबचं नावच मुळी 'राजाची गादी'. त्याचा मालक नॉर्मन पेग दुपारी ग्लास पुसायचं फडकं खांद्यावर टाकून चक्कर मारायचा. "निदान एखादा मुकुट तरी काढा हो," तो खड्ड्यात वाकून म्हणायचा.

"सापडला की आधी तुमच्या टकलावर बसतो का बघू," कॅरिस खालूनच उत्तर द्यायची.

मेव्हिस हसायची, पण टेकाडाकडे बघताना तिला राजा आठवत नसे. तिला तिचा नवरा आठवे. क्लेम थर्लबी या बागेतल्या हरणांचा राखणदार होता. त्याचा बाप राखणदार, आजाही राखणदार. हिवाळ्यात कळप फार वाढला की काही हरणं मारावी लागत. मांस सगळं बागेच्या मालकांच्या इस्टेटीचं. फक्त प्रत्येक हरणाचा पुढचा डावा पाय, खांद्यापासून अख्खा, क्लेम घरी आणायचा. डावाच. उजवा कधी नाही. मेव्हिस लोखंडी भांड्यात कांदा आणि जुनिपरची फळं घालून तो मंद आचेवर शिजत ठेवायची. जेवण झालं की हाडं कुत्र्यांनासुद्धा द्यायची नाहीत, असा क्लेमचा दंडक होता. तो ती बादलीत घालून बागेत पुरून यायचा. कुठे, हे त्यानं कधी सांगितलं नाही, आणि आयुष्यात तेवढी एकच चौकशी मेव्हिसनं केली नाही.

मग इस्टेटीवर नवा कारभारी आला. त्यानं क्लेमला विचारलं, हा पाय कुणाच्या परवानगीनं नेतोस?

"राखणदाराचा फरा आहे तो," क्लेम म्हणाला. "बापाला मिळायचा. त्याच्या बापालाही."

"कुठे लिहिलंय?"

कुठेच लिहिलं नव्हतं. कारभाऱ्यानं त्याला सरळ चोर म्हटलं नाही, पण गावानं म्हटलं. पबमध्ये क्लेम दिसला की नॉर्मन ओरडायचा, "खिसे बघा रे याचे, एखादं हरीण निघायचं!" सगळे खोखो हसायचे. मेव्हिसला रस्त्यानं चालताना मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. शेवटी एकदा क्लेमनं आणलेला फरा तिनं घरातल्या मोठ्या लांबट ताटलीत ठेवला, त्यावर पुसणं टाकलं आणि ताटली त्याच्या हातात देऊन म्हणाली, "परत देऊन ये. गावात मान वर करून चालायचंय मला."

क्लेम भर दुपारी ती ताटली दोन्ही हातांत धरून गावातून गेला. पबच्या दारात माणसं उभी होती. परत आल्यावर तो एवढंच म्हणाला, "आपला होता गं तो, मेव." पुन्हा त्यानं हा विषय काढला नाही, आणि पुन्हा फराही आणला नाही. थोड्याच वर्षांत तो गेला. ताटली कपाटाच्या तळाशी गेली. क्लेम चोर होता की नव्हता, हे मात्र मेव्हिसला कुणाला विचारता आलं नाही.

तर अशा बाईच्या घमेल्यात एका सकाळी हरणाच्या फऱ्याची हाडं येऊन पडली. टेकाडाच्या मागच्या उतारावर कचऱ्याचा एक खड्डा लागला होता, त्यातली. पहिलं चपटं हाड तिनं घासलं. डाव्या बाजूचं. दुसरं घासलं. डावं. ट्रेमधली उरलेली तिनं भराभर उलटीपालटी करून पाहिली. आयुष्यभर तीच हाडं रश्श्यातून उपसलेली, तिला डावं-उजवं कुणी शिकवायला नको होतं. सगळी डावीच.

म्हणजे क्लेम बादली घेऊन इथे यायचा. एवढी हाडं! हा माणूस मला दाखवत होता त्याच्या दुप्पट-तिप्पट नेत होता की काय? मेला तरी बिचाऱ्याची चोरी जमिनीतून वर आली, आणि तीही माझ्याच हातात. तिनं इकडेतिकडे पाहिलं आणि मूठभर हाडं एप्रनच्या खिशात कोंबली. उरलेली कौलांच्या तुकड्यांखाली सारली.

खिसा भरला तेव्हा कॅरिस समोर उभी होती.

"मेव्हिस, खिशात काय आहे?"

"काही नाही. रुमाल."

"रुमालाला कोपरे आलेत."

मेव्हिसनं हाडं टेबलावर ठेवली आणि खुर्चीत बसली. मग फरा, कारभारी, ताटली, सगळं सांगून टाकलं. "गावाला नको कळू देऊस, पोरी," ती म्हणाली. "गेलेल्या माणसाची किती अब्रू काढायची?"

कॅरिसनं सगळं ऐकून घेतलं. मग तिला हाताला धरून खड्ड्याशी नेलं. "ही कौलं बघा. छप्पर पडलं तेव्हा या खड्ड्यावर घसरून आली, ती आजपर्यंत कुणी हलवली नव्हती. हाडं त्यांच्या खाली होती. तुमचा क्लेम इथे पोचूच शकत नाही. हे जेवण सहा-सातशे वर्षांपूर्वीचं आहे."

"मग सगळी डावीच कशी?"

"तीच तर गंमत! तेव्हा शिकार झाली की हरणाचे वाटे ठरलेले असत. चांगलं मांस मोठ्या घरी. कुत्र्यांचा वाटा वेगळा. कावळ्यांचासुद्धा. आणि डावा फरा बागेच्या राखणदाराचा. त्याच्या कामाचा हक्क होता तो." कॅरिस टेकाडाकडे वळली. "राजा आला असेल, नसेल. पण इथे बारा महिने राहून जेवत होता तो राखणदार."

मेव्हिस खड्ड्याच्या काठावर बसून राहिली. उजवे फरे मग कुणाकडे जायचे, हे विचारायचंही तिला सुचलं नाही. नवऱ्यानं एकदाच काही सांगितलं होतं आणि तिनं ते खरं मानलं नव्हतं. ती एप्रनमध्ये तोंड लपवून रडली.

खोदकाम बघायला गाव बोलावलं, त्या दिवशी कॅरिसनं हे सगळ्यांना सांगितलं. नॉर्मनचा चेहरा उतरला. "म्हणजे राजा नाहीच? पाटी बदलू की काय मी?" आणि जित्याची खोड म्हणून पुढे बोलून गेला, "चला, क्लेमची चोरी निदान जुनी तरी निघाली!"

कुणी हसलं नाही. मेव्हिस उठली. "चोर नव्हता तो, नॉर्मन. त्याला चोर समजणारी पहिली मी. घरातच होते. तू दुसरा."

नॉर्मन फडक्याशी चाळा करत राहिला.

हिवाळ्यात पहिली हरणं मारली, त्या दिवशी दुपारी मेव्हिसचं दार वाजलं. दारात नॉर्मन, दोन्ही हातांत लांबट ताटली, वर पुसणं. "नव्या राखणदाराकडून मागून आणला," तो जमिनीकडे बघत म्हणाला. "त्याला सगळं सांगितलं. भर रस्त्यानं आणला बघ, सगळ्यांच्या देखत."

मेव्हिसचे डोळे भरून आले. तिनं पुसणं उचललं, मांस बोटानं चाचपलं, मग पालथं करून पाहिलं.

"नॉर्मन, उजवा आहे हा."

"हो का? काय फरक पडतो गं? मांस तेच!"

"आपला नाही हा," मेव्हिस म्हणाली. तिनं पुसणं पुन्हा नीट टाकलं. "परत देऊन ये आणि डावा घेऊन ये."

नॉर्मन पेग ताटली दोन्ही हातांत धरून त्याच रस्त्यानं परत गेला. पबच्या दारात माणसं उभी होती. मेव्हिस खिडकीतून बघत राहिली आणि तो वळणाआड गेल्यावर कांदे चिरायला घेतले.