हवेत वळवलेलं अंग

लेकीकडे अमेरिकेत आलोय. रविवारी दुपारी जावयाबरोबर टीव्हीवर त्यांचा फुटबॉल बघत होतो, चेंडू हातात धरून खेळायचा. चेंडू फेकणाऱ्यावर एक धिप्पाड बचावपटू झेपावला. त्याने त्याला धरलं आणि पडता पडता, आपला भार खालच्यावर येऊ नये म्हणून, हवेतच अंग वळवलं. स्वतः खांद्यावर आपटला. तरी पंचाने दंडाचा पिवळा रुमाल भिरकावलाच.

"काय चुकलं रे त्याचं?" मी विचारलं.

"अंगावर भार टाकला, बाबा. आता नियम कडक केलेत. फेकणाराच जायबंदी झाला तर सामना कोण बघेल?"

तरुणपणी मी कबड्डीत कोपऱ्यावर खेळायचो. चढाईला आलेल्याचा घोटा धरला की सोडायचा नाही, एवढंच आम्हाला शिकवलेलं. माझा गुडघा अजून जिन्यावर त्याची आठवण करून देतो. पण पकड केल्याबद्दल कुणी गुन्हेगार ठरवलं नव्हतं. या गड्याने धरायचंही आणि जपायचंही, तेही डोळ्याचं पातं लवायच्या आत. कुणाची हाडं मोडू नयेत हे मलाही पटतं. पण ही माया फेकणाऱ्यापुरतीच का? लोकांना गुणांचा पाऊस हवा. अडवणाऱ्याला नाइलाजाने मैदानात ठेवलंय.

फेकणारा उठला, हसला. बचावपटू खांदा धरून गवतावरच बसला होता.

"बरंच लागलंय रे त्याला," मी म्हटलं.

"छे, तो बघा की, चेंडू घेऊन उभा आहे, हसतोय," जावई म्हणाला.