दुसरी चावी

मामीचा फोन आला तेव्हा मी वाशीत पत्रकं वाटत होते. "सुरेशचं आतडं फुटलं गं," एवढंच ती म्हणाली. ऑपरेशन झालं, तिसऱ्या दिवशी सुरेशदादा गेला. आता महिना उलटलाय आणि भेटायला येणारा प्रत्येक जण मान हलवून विचारतो, पोटाचं काहीतरी होतं ना त्याला? काहीतरी काय? क्रोन्स होता. नाव आहे त्याला, घ्या की. शरीराची राखण करणारी यंत्रणाच आतड्यावर उलटते, सूज येते, जखमा होतात. एकाचा दुसऱ्याला लागत नाही. मुळासकट जात नाही, पण सांभाळता येतो. माझा मामेभाऊ चाळिशीसुद्धा न गाठता गेला, म्हणून हे चिडून लिहितेय.

दादा साताऱ्याकडचा, तुर्भ्याच्या बाजारात हमालांच्या टोळीत कांद्याच्या गोण्या वाहायचा. टोळीचं काम म्हणजे एक जण बाजूला झाला की त्याची खेप दुसऱ्याच्या पाठीवर. आणि दादाला दिवसातून दहादा जावं लागायचं. संडासाला कुलूप, चावी मुकादमाकडे, कोणी खिशात घालून नेऊ नये म्हणून हातभर लाकडी दांडीला बांधलेली. दहादा मागायची, दहादा ऐकायचं. "काय सुरेशराव, परत साहेबांचं बोलावणं?" टोळी हसायची, दादाही हसायचा. शेवटी त्यानं उपाय काढला, गाड्या रिकाम्या होईपर्यंत अन्नाला शिवायचं नाही. कोऱ्या चहावर गोण्या उचलायचा. माणूस वाळत चालला आणि शेजारी म्हणायचे, काय कमावलंय शरीर!

गल्लीतल्या डॉक्टरनं आधी टीबी ठरवला. आतड्यात दोन्ही आजार सारखे दिसू शकतात, मान्य. पण तुकडा काढून तपासायचं नाव नाही? कोर्स पुरा झाला, मामीनं पेढे वाटले, आणि संडासवाटे रक्त जाणं परत सुरू. मग मोठ्या इस्पितळात दुर्बीण घातली, तेव्हा खरं काय ते कळलं. औषधं लागू पडली. तिथल्या डॉक्टरीणबाई माझ्यासमोर म्हणाल्या होत्या, "बरं वाटेल तेव्हाच जास्त सांभाळा. त्रास थांबला म्हणजे आजार गेला असं नाही. मला विचारल्याशिवाय एकही गोळी सोडायची नाही."

त्याच दिवसांत मी चावीसाठी भांडत होते. पत्रक काढलं, सह्या घेतल्या, मुकादमापुढे ठिय्या दिला. दादाला स्वतःची चावी मिळाली, तशाच दांडीला बांधलेली. ती उंच धरून त्यानं फोटो काढून घेतला, मी तो सगळीकडे पाठवला. जिंकलो म्हणून.

मामीनं गावच्या भैरोबाला नवस बोलला होता. दादा अंगानं भरला तसे आम्ही सगळे तो फेडायला गेलो. जेवणं उरकल्यावर मी त्याला गोळ्यांची आठवण केली. मामी ताटं उचलता उचलता म्हणाली, "नवस फेडल्यावर गोळी घ्यायची म्हंजे देवाला खोटं पाडायचं. आता नको." दादानं माझ्याकडे बघितलं. "टीबीचा कोर्स संपलाच की. ह्याचाबी संपला असंल. तू काय म्हणतीस?"

चौकाचौकांत घसा फोडणारी मी म्हणाले, "परत गेल्यावर बघू..." मामीचं मन मोडवेना, आणि डोक्यात सोमवारच्या सभेचं भाषण होतं. परत गेल्यावर मी बघितलं नाही.

त्रास कधीच परत सुरू झाला होता, हे आता टोळीतले सांगतात तेही अंदाजानं. कारण चावी आता त्याच्याच कमरेला होती. दहादा मागत होता तेव्हा निदान कोणीतरी मोजून हसत तरी होतं. स्वतःची मिळाल्यावर तो किती वेळा गेला, किती कळवळला, कोणालाच दिसलं नाही. मलाही नाही. तरी चावीसाठी भांडले याचा पश्चात्ताप मी करणार नाही. पश्चात्ताप त्या "बघू"चा आहे.

परवा मुकादमाचा निरोप आला, माणूस गेला, चावी परत करा. मी नाही म्हणून कळवलं. ती माझ्या टेबलावर आहे, दांडी दादाच्या हाताच्या घामानं काळी पडलेली. तिच्याखाली नव्या पत्रकाचा कागद. पहिल्याच ओळीत डॉक्टरीणबाईंचं वाक्य आहे, त्रास थांबला म्हणजे आजार गेला असं नाही. काल ते मामीला वाचून दाखवलं.  मग दांडी पदरानं पुसून तिनं जागेवर ठेवली आणि म्हणाली, "परत वाच."