निवाडा प्राचीला सापडला, मला नाही

वकील मंडळी, आज दुपारपासून माझा नुसता जळफळाट होतोय.

नंदनवन वस्तीतल्या एका मावशींनी राहतं घर मुलाला बक्षीसपत्रानं दिलं आणि त्यानं त्यांनाच बाहेर काढलं. उद्या युक्तिवाद आहे. सकाळपासून मी ऑनलाइन डेटाबेसमध्ये 'आई, मुलगा, घर' असं काहीबाही टाकत होते. ढीगभर निवाडे उपसल्यावर एक मिळाला, अगदी मावशींच्या बाजूचा!

शेजारच्या टेबलावरची प्राची, माझीच वर्गमैत्रीण, वाकून म्हणाली, "अवं, हा तर वरच्या कोर्टानं फिरवला. पुढं काय झालं ते काहून नाही पाहिलं?"

मग तिनं नेमकं कलम टाकलं, कायद्यातले शब्द जसेच्या तसे अवतरणचिन्हांत घातले आणि फक्त आपलं हायकोर्ट निवडलं. चहा गार व्हायच्या आत आजही लागू असलेला निवाडा समोर!

आमचे सीनियर सर म्हणाले, "प्राची, उद्या कोर्टात तूच उभी राह्य."

ऑफिसात येऊन बसलेल्या मावशींनी तिचे हात धरले. त्यांचं घर वाचेल, याचा आनंद आहेच. पण ते हात माझे हवे होते.

शेवटी कसंबसं म्हटलं, "मलेही शिकव वं." ती लगेच खुर्ची ओढून बसली. त्यानं तर मी आणखीच जळले.

जिचा हेवा वाटतो, तिच्याकडूनच शिकायची वेळ तुमच्यावर आलीय कधी?