कापलेला तुकडा

फिल्मचा कोर्स केला, आणि आता पेणला रामवाडीत बसून लग्नाचे व्हिडिओ जुळवतो. कोर्सातले दोनच नियम उरलेत: गोष्ट पुढे नेत नाही ते कापायचं, आणि मनातलं दाखवायचं तर चेहरा जवळून घ्यायचा. दिवसभर हार आणि हसू, हार आणि हसू. डोळे पार शिणून जातात.

एका दुपारी आखातातून सुट्टीवर आलेले एक चाचा मुलीच्या निकाहचा व्हिडिओ न्यायला आले. निकाहच्या वेळी त्यांना रजा मिळाली नव्हती.

"कापलेलं पण दाखव," म्हणाले.

मी कंटाळत लावलं. नवरीकडे त्यांचं लक्षच नव्हतं. तिच्या मागे, लांब पडवीत, एक म्हातारी भिंतीला हात लावत स्वयंपाकघराकडे निघाली होती. चाचा पुढे सरकले. त्यांचा तळवाही नकळत माझ्या टेबलावर टेकला.

"आई माझी. निकाहनंतर थोड्याच दिवसांत गेली." त्यांनी पडद्यावरच्या तिच्या हातावर बोट ठेवलं. "भिंत धरून चालायची, मला कोण बोललाच नाय. रोज फोन करायचो. पण फोनवर नुसतं तोंड दिसतं रे. तोंडानं ती हसायची."

चेहऱ्यावरून सगळं कळतं, असं मीही मानत आलो होतो.

"हा तुकडा घालू परत?" मी विचारलं.

"घाल. पण मध्येच कापू नको. तिला दारापर्यंत पोचू दे."