हडळीचं रक्त

सिल्वासात बदलून आलेल्या आम्हा कोकणी कारकून-मास्तरांची एक हौशी नाटकमंडळी होती. एका अवसेला नाटकाऐवजी शाळेच्या अंगणात भुतांच्या गोष्टी सांगायचं ठरलं. प्यायलाही तसंच काहीतरी हवं, म्हणून साध्या आमसुलाच्या सरबताचं नाव आम्ही ठेवलं 'हडळीचं रक्त'.

दिवेलागणीला आसपासच्या पाड्यांवरची वारली मंडळी मुलाबाळांसकट आली. पहिली गोष्ट संपली आणि मी पेले वाटले. पेला हातात पडायचा अवकाश, की जो तो थोडं सरबत जमिनीवर ओतायला लागला. म्हातारे, बायका, झाडून सगळे. सरबत मी स्वतः ढवळलेलं, त्यामुळे माझं डोकंच फिरलं. आंबलं की काय? नाव ऐकून किळस आली म्हणावं, तर उरलेलं सगळे चवीने पीत होते.

"सांडता कशाला?" मी पुढ्यातल्या आजीवर खेकसलो.

ती माझ्याकडे बघतच राहिली. "मेलेल्यांना तुम्हीच बोलावलं ना? मग आधी त्यांना नको?"

पुढची गोष्ट माझी होती. उभा राहिलो खरा, पण समोर बसलेल्यांना घाबरवायचं, की सरबत पिऊन त्यांच्यात येऊन बसलेल्यांना, तेच मला कळेना.