निम्मं धरलेलं दुखणं

मुरबे गावच्या मावशीचं दुखणं मी निम्मं धरलं, ही माझी चूक. ती कशी झाली हे कळायला मावशी कशी होती ते सांगायला हवं.

बोईसरच्या बाजारात ती मासळी विकायची. आवाज असा, की पापलेटचा भाव पलीकडच्या भाजीवाल्यांनाही पाठ व्हावा. भाव दुप्पट सांगायचा आणि गिऱ्हाईक निम्म्यावर आलं की रडकुंडीचं सोंग आणायचं, ही तिची रीत. "डाक्टर, घाटावरच्या माणसाला मासं काय कळतंय? बोंबील हायत हे, मेथीची जुडी नाय!" मी साताऱ्याकडचा, मासळी पारखायला तिच्याकडेच शिकलो. निघताना ती मूठभर करंदी, म्हणजे बारकी कोळंबी, पिशवीत टाकायची. "पोरांना घाला."

माझ्या दवाखान्यातही तीच तऱ्हा. काटा रुतला तरी "मेले रे, मेले" करत पायऱ्या चढायची. सिस्टर हसायच्या. मीही.

एका सकाळी टेम्पोतून उतरवताना बर्फाची लादी तिच्या हातावर पडली. कोपराखाली हाड मोडलं. मी प्लास्टर घालून घरी पाठवलं. दुपारी ती सुनेला घेऊन परत आली. "डाक्टर, हात आतून फुटतोय. सोडा हे." इंजेक्शन दिलं, फरक पडला नाही. बोटं जरा सरळ केली तर किंचाळली. मी नखं पाहिली, गुलाबी होती. मनगटाशी नाडी लागत होती. पण स्नायूंच्या आवरणात दाब वाढला, की नाडी चालू असतानाही आतला स्नायू मरत जातो. औषधाला न जुमानणारी, बोट ताणताच उसळणारी कळ हीच त्याची पहिली खूण. हे मी शिकलो होतो. पण समोर मावशी होती.

"मावशी, इथे भाव करायचा नाही," मी म्हणालो. "गोळी घ्या, झोपा."

ती हसली नाही. संध्याकाळभर फोन वाजला की मी दचकत होतो. तरी स्वतःहून फोन केला नाही.

दुसऱ्या दिवशी सुनेने तिला आणलं तेव्हा मावशी गप्प होती. बोटं बधिर झाली होती. तिचा आवाज नाही हे ध्यानात आलं आणि मी कटर उचलला. प्लास्टर कापलं, तिला माझ्याच गाडीत घातलं. उमरोळी मागे टाकून पालघर गाठलं. तिथल्या सर्जनने हात उघडून दाब मोकळा केला. हात वाचला. बोटं मात्र आकडलेलीच राहिली; सुरी पुन्हा त्यांत बसली नाही.

बाजाराचा रस्ता मी कित्येक महिने टाळला. शेवटी मुरब्याला गेलो. सून अंगणात बोंबील वाळत घालत होती. मावशीने डाव्या हाताने खुर्ची ओढली आणि शेजारणीला सांगितलं, "हेच ते डाक्टर. यांची काय चूक नाय. मीच रातभर पडून रायले. लवकर जायला होवं होतं."

मला खुर्चीत बसवेना.

"नाही मावशी," मी शेजारणीसमोरच म्हणालो, "तुम्ही वेळेवर आला होतात. खरं सांगत होतात. मीच ऐकलं नाही. तुमची बोटं माझ्यामुळे गेली. मला माफ करा."