खमीस कुंभाराला काय हवं होतं

जेर्बा बेटावरचा खमीस कुंभार ऐंशीला टेकला, तेव्हा त्याच्या किडन्या जवळजवळ निकामी झाल्या होत्या. किडनीचे डॉक्टर डायलिसिस करायला सांगत होते, तर हृदयाचे डॉक्टर म्हणत होते, ते त्याला झेपणार नाही. दोघांकडे हेलपाटे घालून मुलगी झोहरा रडकुंडीला आली होती.

शेवटी गावच्या दवाखान्यातल्या डॉक्टर रौदांनी दोघांशी फोनवर बोलून घेतलं, नको त्या गोळ्या बंद केल्या आणि त्या स्वतः खमीसच्या घरी आल्या.

"काका, तुम्हाला काय हवंय?"

"हे आजवर कुणी विचारलंच नाही, पोरी. मशीन नको. मला माझ्या चाकापाशी बसू दे."

"म्हणजे तुम्हाला मरू देऊ?" झोहरा ओरडली.

"मरणार तर आहेच गं. पण ते रुग्णालयाच्या वाटेवर नको."

मशीनशिवाय दिवस थोडेच उरतील, हे डॉक्टरांनी लपवलं नाही. पण खाज, सूज, धाप यांवरचे उपचार घरीच होतील, असा शब्द त्यांनी दिला आणि तो पाळला.

ऑलिव्हची तोडणी संपेपर्यंत खमीस रोज अंगणात बसला. हातांत बळ नव्हतं, म्हणून झोहरा चाक फिरवायची आणि तो ओल्या मातीवर नुसते तळवे टेकवायचा. तिथेच एका दुपारी तिच्या खांद्यावर मान टाकून तो शांतपणे गेला. झोहराने आधी त्याची मातीने भरलेली बोटं धुतली, मग शेजाऱ्यांना हाक मारली.